तिकिटं काढली, आत बसल्या नाहीत: लालबाग-परळच्या एका चाळीतल्या सिनेमाच्या आठवणींचं प्रकरण

पार्श्वभूमी

लालबाग-परळच्या पट्ट्यातली ही एक तीन मजली, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी) चाळ. दहा बाय बाराच्या खोल्या, पुढे सलग गॅलरी, मजल्याच्या टोकाला समाईक संडास. बहुतेक कुटुंबं सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतली. पहिल्या पिढीतले पुरुष गिरणीत, दुसऱ्या पिढीतले मिळेल तिथे, तिसरी पिढी बँकेत, कुरिअरच्या धंद्यात, कॉल सेंटरला. पुनर्विकासाची संमती झाली होती आणि पावसाळा संपला की खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. त्या आवारातला तो शेवटचा गणपती. चाळीच्या मंडळातल्या पोरांनी ठरवलं, की यंदा देखाव्याऐवजी चाळीच्या सिनेमाच्या आठवणींचं प्रदर्शन करायचं.

विषय सिनेमाच का, असं मी विचारलं तेव्हा मंडळाच्या सेक्रेटरीचं उत्तर साधं होतं. 1982च्या गिरणी संपाविषयी म्हातारी माणसं बोलत नाहीत, गिरणीविषयी बोलली की रडतात, पण पिच्चरचं नाव काढलं की सगळ्यांचे चेहरे फुलतात. आठवणी ध्वनिमुद्रित करण्याच्या कामाचा मला थोडा अनुभव असल्याने त्यांनी मला सोबत घेतलं. पुढचं सगळं त्या कामाविषयी आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून मजले, नाती आणि काही बारीकसारीक खुणा बदलल्या आहेत. ज्यांच्याविषयी हे लिहिलं आहे त्यांना ते वाचून दाखवलं आहे.

हा परिसर सिनेमाच्या दृष्टीने भाग्यवान होता. लालबागला भारतमाता, तिथूनच जवळ जयहिंद आणि गणेश. दादरच्या वाटेवर हिंदमाता. दादरला पोचलं की प्लाझा, कोहिनूर, चित्रा, शारदा, ब्रॉडवे. पाय दुखेपर्यंत चालायची तयारी असेल तर भायखळ्याच्या पुढे मुंबई सेंट्रलला 1958 साली उघडलेलं मराठा मंदिर, आणि त्याहून पुढे ग्रँट रोडचा पिला हाउस, म्हणजे जुन्या थिएटरांचा परिसर. चाळीतल्या कुणालाही बसभाडं खर्च न करता आठवड्यातल्या प्रत्येक दिवशी वेगळ्या थिएटरला जाता आलं असतं. पैसे असते तर.

अडचण

पोरांनी प्रश्नावली केली होती. तुमचा पहिला पिच्चर कोणता? आवडता हिरो कोण? आवडती हिरॉईन? कुठलं गाणं आजही आठवतं? पहिल्या काही मुलाखती ऐकल्या तेव्हा त्यात चाळ कुठेच नव्हती. नट-नट्यांची नावं होती, गाण्यांच्या ओळी होत्या, ‘ते दिवसच वेगळे होते’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी होतं. असल्या मुलाखती नागपुरात घेतल्या असत्या किंवा बेळगावात, तरी तेच निघालं असतं.

शिवाय सालांचा गोंधळ होता. एका आजोबांनी ठासून सांगितलं, की त्यांनी ‘सोंगाड्या’ भारतमाताला 1969 साली पाहिला. तो सिनेमा 1971चा, आणि दादरच्या कोहिनूरला तो लावण्यावरून झालेला वाद गाजलेला. सेक्रेटरीचं म्हणणं, ही चूक दुरुस्त करून घ्या, नाहीतर लोक हसतील. दुसऱ्या मुलाचं म्हणणं, आजोबांना तसं आठवतंय तर तसंच राहू द्या, परीक्षा थोडीच आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

वेळही नव्हता. काही कुटुंबं भाड्याचा चेक घेऊन आधीच विरार-बदलापूरला गेली होती, दोन-तीन म्हातारी माणसं कायमची गावी. उरलेल्यांच्या खोल्यांत पेट्या बांधायला सुरुवात झाली होती.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग होता तो जुनी पोस्टरं मिळवून भिंतीवर लावायचा. दिसायला छान, काम कमी. पण पोस्टर देशभर सारखंच असतं, आणि लोक सेल्फी काढून निघून जातात. दुसरा पर्याय एका ओळखीच्या व्हिडिओवाल्याकडून माहितीपट करून घ्यायचा. त्याचा खर्च मंडळाच्या वर्गणीत बसत नव्हता, आणि कॅमेरा समोर ठेवला की चाळीतल्या बायका पदर नीट करून ‘आमचं काय, ह्यांनाच विचारा’ म्हणत आत जात. तिसरा, चौकात सतरंजी टाकून सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि गप्पा रंगू द्यायच्या. चौथा, घरोघर जाऊन मोबाइलवर आवाज मुद्रित करायचा.

तिसरा आणि चौथा एकत्र करायचं ठरलं, आणि तेही क्रमाने: आधी बैठक, मग ज्याच्या बोलण्यात काही अर्धवट राहिलं असेल त्याच्या घरी जाऊन एकट्याशी बोलणं. हा क्रम महत्त्वाचा ठरला. बैठकीत माणसं एकमेकांना आठवण करून देतात, पण बैठकीत बोलायच्या गोष्टी वेगळ्या आणि घरात बोलायच्या वेगळ्या. पुढे जो पेच आला तो या दोहोंच्या मधल्या फटीतूनच आला.

प्रश्नावली मात्र आम्ही बाजूला ठेवली. त्या जागी प्रश्न आले ते असे: घरातून कसं निघालात? कुणाला सांगितलं, कुणापासून लपवलं? चालत की बसने? पैसे कुणी दिले? किल्ली कुणाकडे ठेवली? परत आलात तेव्हा घरात कोण जागं होतं?

काय केलं

हे प्रश्न विचारल्यावर पहिल्याच बैठकीत गिरणीचं घड्याळ चौकात येऊन उभं राहिलं. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होऊन दुपारी साडेतीनला सुटायची, दुसरी साडेतीन ते मध्यरात्र, तिसरी रातपाळी. थिएटरचे खेळ बारा, तीन, सहा आणि नऊ. या दोन वेळापत्रकांच्या मधे चाळीतल्या बाईचा सिनेमा बसवलेला असायचा. नवरा पहिल्या पाळीला असेल तर बाई बाराच्या खेळाला जायची, कारण तो घरी येऊन चहा मागायच्या आत तिला परतायचं असे. नवरा दुसऱ्या पाळीला असेल तर सहाचा खेळ मोकळा. पाळी दर काही दिवसांनी बदलायची, त्यामुळे कुणाचा नवरा कुठल्या पाळीला आहे हे गॅलरीतल्या सगळ्या बायकांना पाठ. त्यावरून टोळी जमायची. एका आजींनी सांगितलं, “डाळ शिजवून, तांदूळ धुऊन, कणीक भिजवून जायचं. आल्यावर फक्त स्टो पेटवायचा. त्यांना कळायचं नाही असं नाही, पण भात वेळेवर पडला की विचारायचे नाहीत.”

‘भात वेळेवर पडला की विचारायचे नाहीत’ यात त्या घरातलं परवानगीचं सगळं शास्त्र आहे. विचारून जायची सोय नव्हती, न विचारता गेल्याचं भांडणही नको होतं. मग दोघांनाही सोयीची अशी एक न बोललेली जागा. त्या जागेत बसून या बायकांनी आयुष्यभर सिनेमे पाहिले.

पुरुषांचं गणित वेगळं. कुटुंब गावी आणि स्वतः गाळ्यात राहणारे चाकरमानी, एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांतले एक आजोबा पुढे लग्नानंतर चाळीत आले. ते म्हणाले, की रातपाळी करून आल्यावर गाळ्यात झोपायला जागा नसेल तेव्हा ते बाराच्या खेळाचं सगळ्यात पुढचं तिकीट काढून पंख्याखाली झोपायचे. “अर्धे पिच्चर मी मध्यंतरापासून बघितलेत.” हा माणूस जुन्या प्रश्नावलीत ‘आवडता हिरो’ या प्रश्नावर अडखळून गप्प बसला होता.

सालांचा प्रश्न सुटला तोही असाच बाजूने. कुणालाच साल विचारायचं नाही, त्याऐवजी त्या वेळी आजूबाजूला काय होतं ते विचारायचं. ट्रामने गेलात? मग 31 मार्च 1964च्या आधीचं, कारण त्या दिवशी मुंबईतली शेवटची ट्राम धावली. रेशनवर मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) मिळत होता? मग 1972च्या दुष्काळाच्या आसपासचं. चाळीत टीव्ही आला होता का? मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं, चाळीत पहिला संच त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, आणि रविवार संध्याकाळचा सिनेमा बघायला त्या एका खोलीत दारापर्यंत माणसं बसायची. संपाच्या आधी की नंतर? हा प्रश्न तर विचारावाही लागला नाही. 18 जानेवारी 1982 या तारखेने या वस्तीतल्या प्रत्येक आठवणीचे दोन भाग केलेले आहेत. प्लाझाविषयी बोलताना 12 मार्च 1993चा बॉम्बस्फोट मधे यायचाच.

‘सोंगाड्या’वाल्या आजोबांच्या बाबतीत मधला मार्ग निघाला. त्यांचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं, बाजूच्या पाटीवर सिनेमाचं खरं साल लिहिलं. वाद मिटला. खरं तर त्यांचं आग्रहाने सांगणं सालाविषयी नव्हतंच. पहिला पगार हातात आला, आईला नऊवारी घेतली आणि उरलेल्या पैशांत धाकट्या भावाला सिनेमाला नेलं, हे त्यांना सांगायचं होतं. पहिल्या पगाराचं साल त्यांनी सिनेमाला चिकटवलं होतं. भाऊ आता नाही.

‘जय संतोषी माँ’विषयी बायकांची बैठक सर्वांत लांबली. 1975 साली तो सिनेमा आला तेव्हा चपला बाहेर काढून आत बसलेल्या, पडद्याच्या दिशेने नाणी टाकलेल्या बायका या चाळीत अजून आहेत. शुक्रवारी आंबट वर्ज्य, गूळ-चण्यांचा प्रसाद सोबत बांधून नेलेला, तो शेजारच्या अनोळखी बायकांनाही वाटलेला. चाळीतली पोरं हे ऐकून हसायला लागली तेव्हा एका आजींनी त्यांना थांबवलं. तोवर सासूला न सांगता थिएटरला जायची हिंमत त्यांच्यात नव्हती, त्या दिवशी सासूच पुढे होती, असं त्या म्हणाल्या. देवीच्या निमित्ताने का होईना, थिएटरचा जिना त्या पहिल्यांदा उजेडात चढल्या. पुढे ‘माहेरची साडी’ आला तेव्हा, 1991 साली, त्याच आजी सुनेला घेऊन गेल्या.

गणपतीतला पडद्यावरचा सिनेमा तर सगळ्यांचाच. गल्लीच्या मधोमध पांढरा पडदा ताणलेला, सोळा एमएमचं मशीन घरघरतंय, रीळ बदलताना पोरांच्या शिट्ट्या. पडद्याच्या पाठीमागच्या बाजूला बसलेल्यांना सगळं उलटं दिसायचं, पण तिकडे गर्दी कमी. उलट्या बाजूने बघितलेल्या सिनेमात हिरो डावखुरा आहे असं वर्षानुवर्षं समजणारे एक काका आम्हाला भेटले.

या साऱ्यांतून पोरांनी एक नकाशा काढला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून मोठा केलेला. त्यात चाळ मध्यभागी, थिएटरं चहुबाजूंना, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांवर माणसांनी सांगितलेल्या गोष्टी: इथे शेंगदाणे घ्यायचे, इथे वडील दिसले म्हणून मागे फिरलो, इथे पाऊस लागला की थांबायचो, हा गिरणीचा दरवाजा, इथून पाळी सुटली की पुढे जाता यायचं नाही.

पेच

अण्णा, सूतकताई खात्यातले निवृत्त कामगार, बैठकीत फारसे बोलले नव्हते. घरी भेटल्यावर मात्र बोलत राहिले. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यातले ते एक. पहिले काही महिने गावाहून तांदूळ आला, मग दागिने गेले, मग भांडी. सिनेमा या विषयावर ते जे बोलले ते असं, थोडक्यात:

संपात थिएटर बंद पडली नव्हती. आम्ही बघायला जायचो नाही, पण आमच्यातली पोरं बाहेर उभी राहायची. तिसऱ्या मजल्यावरचा अमुक, तो बदली कामगार होता, त्याला संपाआधीसुद्धा महिन्याचे सगळे दिवस काम नसायचं. तो ब्लॅक करायला लागला. ‘पाच का दस, पाच का दस’ करत उभा. पोलीस आला की पळायचा, दोनदा मार खाल्ला. रात्री शेवटचा खेळ सुटला की यायचा आणि माझ्या दाराशी गव्हाची पिशवी ठेवून जायचा. त्या वर्षी माझी पोरं त्याच्या तिकिटांवर जेवली. मी त्याला हे कधी बोललो नाही. आता तो नाही.

अण्णांनी नाव घेऊन सांगितलं होतं. मुद्रण ऐकून पोरं भारावली, आणि प्रदर्शनाची सुरुवात याच आवाजाने करायची असं जवळपास ठरलं. ठरलेल्या मजकुराची चाचणी मंडळाच्या खोलीत लाउडस्पीकरवर चालू असताना त्या गेलेल्या माणसाचा मुलगा वर्गणी द्यायला आत आला.

तो चिडला नाही, पांढराफटक पडला. म्हणाला, “बाबा ब्लॅक करायचे हे माझ्या बायकोला माहीत नाही. मुलीचं लग्न जमतंय. तुम्ही हे दहा दिवस सगळ्या चाळीला ऐकवणार?” आणि निघून गेला.

इथे मंडळात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, ही निंदा नाही, कौतुक आहे, त्या माणसाने तीन घरं जगवली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कौतुक असो की निंदा, ज्याच्या बापाविषयी आहे त्याचा शब्द शेवटचा. सेक्रेटरीने मला निकाल द्यायला सांगितलं. मी निकाल दिला नाही, पर्याय मांडले. पूर्ण काढून टाकणं: मुलगा सुटेल, पण अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलेली कृतज्ञता आम्ही पुसून टाकू. नाव तेवढं पुसणं: बाहेरच्यांसाठी पुरेसं, चाळीसाठी निरर्थक, कारण ‘तिसऱ्या मजल्यावरचा बदली कामगार’ म्हटलं की पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला कळतं. आहे तसं ऐकवणं: एका कुटुंबाला स्वतःच्या आवारातल्या शेवटच्या गणपतीत तोंड लपवावं लागेल, हे मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नव्हतं. चौथा पर्याय अण्णांनीच सुचवला. “पोराला काय विचारता? त्याच्या आईला विचारा. नवरा तिचा होता.”

वहिनी, म्हणजे त्या माणसाची पत्नी, आमच्या यादीत नव्हत्या. सुरुवातीला पोरं घरोघर गेली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “मी पिच्चर बघितलेलेच नाहीत,” आणि पोरांनी त्यांच्या नावापुढे फुली मारून पुढचं दार वाजवलं होतं.

मुलगा कामावर असताना जायचं की तो घरी असताना, हाही निर्णय होता. मुलाच्या पाठीमागे जाणं बरं दिसलं नसतं. त्याला आधी सांगितलं, की आईला ऐकवू, त्या नको म्हणाल्या तर विषय संपला. तो तयार झाला, पण स्वतः थांबला नाही. अण्णांची मुलगी आणि मी, आम्ही दोघी गेलो. वहिनींनी कानाला हेडफोन लावून सगळं ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “अण्णांना अर्धंच माहितीये.”

मग त्यांनी सांगितलं. एका माणसाला चारच तिकिटं मिळत. पुरुषांच्या रांगेत दादा लोकांची माणसं आधीच उभी असत. बायकांची रांग वेगळी आणि लहान. त्या वहिनी तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन बायकांच्या रांगेत उभ्या राहत, चार तिकिटं काढून पदराखालून नवऱ्याला देत, लुगड्यावरची ओढणी बदलून पुन्हा रांगेत. बुकिंग क्लार्क ओळखायला लागला तेव्हा शेजारच्या दोन बायका सोबत आल्या. त्यांतल्या एकीच्या घरी पुढे वर्षभर त्याच पैशांवर चूल पेटली. कडेवरचा तो तान्हा मुलगा म्हणजे आज बँकेत असलेला, आदल्या दिवशी आमच्यासमोरून पांढराफटक होऊन गेलेला.

“तिकिटं शेकड्याने काढली,” त्या म्हणाल्या, “आत कधी बसले नाही. तिकीट विकलं की गहू येतो, फाडलं की काय येतं?”

आम्ही ‘मी पिच्चर बघितलेलेच नाहीत’ हे नकार म्हणून ऐकलं होतं. ती साक्ष होती. सिनेमाच्या आवडीवरून माणसं निवडल्यामुळे संपाच्या काळात थिएटरच्या दाराशी उभं राहून घर चालवणारी सगळीच माणसं आमच्या यादीबाहेर राहिली होती, आणि संपानंतरच्या गिरणगावात ती थोडीथोडकी नव्हती.

निर्णय वहिनींनी घेतला, आणि तो आमच्या चारही पर्यायांपेक्षा नेमका होता. अण्णांचं बोलणं प्रदर्शनात ऐकवायचं नाही. ते आधी मुलाला, सुनेला आणि नातीला घरात ऐकवायचं, तेही वहिनी स्वतः, अण्णांना समोर बसवून. वहिनींचं स्वतःचं बोलणं मुद्रित करून ठेवायचं, पण नातीचं लग्न होऊन वर्ष जाईपर्यंत कुणालाही द्यायचं नाही. प्रदर्शनात नकाशावर थिएटरपुढे एक ओळ लिहायला हरकत नाही: ‘संपात इथे बायकांच्या रांगेत तिकिटं काढून तीन घरांत गहू आला.’ नाव नको, मजला नको.

मुलाने नंतर आम्हाला इतकंच सांगितलं, की त्याच्या मुलीने आजीला विचारलं, तू घाबरायची नाहीस का, आणि आजी म्हणाली, खूप.

निष्पत्ती

प्रदर्शन दहा दिवस चाललं. नकाशापुढे सर्वांत जास्त गर्दी झाली, आणि लोकांनी त्यावर स्वतःच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. विरार-बदलापूरला गेलेली माणसं आरतीला म्हणून आली आणि नकाशापुढेच रेंगाळली. वहिनींच्या त्या एका ओळीखाली विसर्जनापर्यंत आणखी चिठ्ठ्या लागल्या होत्या, बहुतेक बायकांच्या, आणि सगळ्या निनावी: ‘मी पण’, ‘आमच्याही घरात’, एकीने तर थिएटरचं नाव आणि रांगेत पुढे घेणाऱ्या डोअरकीपरचे आभार. म्हणजे तीन घरांची वाटणारी गोष्ट तीन घरांपुरती नव्हती. ज्या मुलाला बापाच्या धंद्याची लाज वाटत होती त्याने त्या चिठ्ठ्या वाचल्या का, हे मी विचारलेलं नाही. विसर्जनाच्या दिवशी तो अण्णांचा हात धरून जिना उतरताना दिसला.

पोरांतल्या कुणीतरी सूचना केली, की वहिनींना आता एकदा थिएटरला नेऊ, भारतमाताला, मराठी सिनेमा लागलेलाच असतो. वहिनींनी नकार दिला. कंबर धरते, अडीच तास बसवत नाही. तो विषय तिथे संपला आणि संपला हे चांगलं झालं. त्यांच्या आठवणीला आमच्या हातून गोड शेवट लावून घ्यायची त्यांना गरज नव्हती.

चाळ आता पडली आहे. चित्रा 2019 साली बंद झालं. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी मनोरे आणि मॉल आहेत, त्यांत मल्टिप्लेक्स आहेत, आणि चाळीतली तिसरी पिढी तिथे जाते. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट एवढ्याचंच वाटतं, की तिथे जायला गॅलरीतल्या कुणाला किल्ली द्यावी लागत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

यादी उलटी करायला हवी होती. ‘सिनेमा आवडायचा का’ याऐवजी ‘थिएटरच्या आसपास तुमचं काय काम असायचं’ असं विचारलं असतं तर वहिनी पहिल्याच दिवशी सापडल्या असत्या. आणि त्यांच्याबरोबर मध्यंतरात वडे विकणारे, सायकली सांभाळणारे, गाण्यांची पुस्तकं विकणारे, डोअरकीपर, मशीनवाले. यांतले काही याच गल्लीत राहत होते आणि एकाचंही बोलणं आमच्याकडे नाही.

संमती दोनदा घ्यायला हवी: एकदा बोलणाऱ्याची, आणि मग त्याच्या बोलण्यात ज्यांची नावं येतात त्यांच्या घरच्यांची, तीही मुद्रण दुसऱ्या कुणाला ऐकवायच्या आत. चाळीत नाव पुसणं हा उपाय होत नाही. मंडळाच्या खोलीत लाउडस्पीकरवर चाचणी घेण्याऐवजी हेडफोन वापरले असते तर मुलाला ते त्या तऱ्हेने कळलं नसतं. अर्थात मग कदाचित वहिनींपर्यंतही कुणी पोचलं नसतं. या मुद्द्यावर माझं मन अजून पूर्ण ठरलेलं नाही.

जे चाळ सोडून गेले होते त्यांच्यापासून सुरुवात करायला हवी होती. जे घरात आहेत त्यांना उद्याही विचारता येतं. शिवाय समोरच्या गल्लीतली मुसलमान कुटुंबं, ज्यांच्या पोरांबरोबर चाळीतली पोरं पिला हाउसला जायची, 1992-93च्या दंगलीनंतर मुंब्र्याला गेली. बैठकांत त्यांची नावं पुन्हा पुन्हा निघाली. ‘तो असता तर त्याने सांगितलं असतं’ हे वाक्य आमच्याकडे तीन आवाजांत आहे. मुंब्रा लोकलने तासाभरावर आहे. प्रदर्शनाची तारीख पुढे ढकलता येत नव्हती हे खरं, पण मुद्रण प्रदर्शनानंतरही चालू ठेवता येतं, आणि सेक्रेटरी आता तेच करतो आहे. त्याच्याकडे दोन पत्ते मिळाले आहेत.

मुद्रणांच्या प्रती सध्या तीन घरांत आहेत. नवी इमारत होऊन सोसायटीची नोंदणी झाली की एक प्रत तिच्या कार्यालयात ठेवायची आणि वहिनींचं बोलणं त्यांच्या नातीच्या परवानगीवाचून उघडायचं नाही, असा मंडळाचा लेखी ठराव आहे. त्यावर नातीची सही आहे.